फाटकापाशी ओतलेला चहा

मी एक जुनी पिवळी किटली आहे, मित्रांनो. किटलीनं गुमान बसावं आणि आतलं पाणी ऊन ठेवावं, एवढीच तिच्याकडून अपेक्षा असते. पण गेले काही आठवडे माझं झाकण सारखं थडथडतं आहे, आणि ते नुसतं वाफेमुळे नाही. म्हणून म्हटलं, तुम्हाला सगळं सांगून टाकावं. मात्र ऐकताना जरा लांब बसा. माझी तोटी गरम असते, आणि लहान मुलं जवळ सरकली की मला भीती वाटते.

माझा जन्म मासान शहरातल्या बाजारामागच्या एका पत्र्याच्या कारखान्यात झाला. एक चकती दाबून, ठोकून माझं पोट काढलं, वर पिवळा मुलामा दिला आणि माझ्यासारख्याच तीसजणींबरोबर दोरीत ओवून मला विकायला टांगलं. तिथून मी कोजे बेटावर आले, जहाजं बांधणाऱ्या गोदीतल्या कामगारांच्या युनियनच्या कचेरीत. ही साधी युनियन नव्हे, कंत्राटी कामगारांची. एकाच जहाजावर वेल्डिंग करायचं, पण नोकरीचा भरवसा कंपनीच्या कायम माणसाच्या निम्मा, अशा लोकांची.

माझे सोन्याचे दिवस म्हणाल तर मोठ्या संपाचे. एक्कावन्न दिवस मी गोदीच्या कुंपणाशी चुलीवर होते. भाजक्या जवाचा चहा माझ्यात उकळायचा आणि कपाळाला लाल पट्ट्या बांधलेली माणसं रांगेनं पेले पुढे करायची. माझ्या झाकणाची मूठ तेव्हाच तुटली. प्यो जुंग-मान नावाच्या वेल्डरनं तिथल्या तिथे जहाजाचा एक नट झाकणावर बसवून दिला. "घे," तो म्हणाला, "आता तूही युनियनची सभासद." सगळे हसले. मला वाटलं, आपण कधी रिकाम्या राहणारच नाही.

पुढे कचेरीत कागदी पेल्यात कॉफी सोडणारं यंत्र आलं. मला कपाटावर चढवलं आणि त्या लाल पट्ट्या माझ्यातच कोंबून ठेवल्या. सहा वर्षं मी वरून छत पाहत होते. मित्रांनो, वापर नसला की भांड्याला गंज चढतो हे तुम्हाला ठाऊक असेल. पण गंजाआधी काळजी चढते, हे कुणी सांगत नाही. खाली माणसं भांडत, हसत, निवृत्त होत, आणि मला सारखं वाटे, यांच्या घशाला कोरड पडली असेल.

मग एका सकाळी ओक मी-रान आली. तिनं एकोणीस वर्षं जहाजांच्या पोटात बसून कोपऱ्याकोपऱ्यांत ब्रशानं रंग भरलेला. नखांत तो रंग अजूनही होता. आता ती एका लहानशा पक्षाची बेटावरची शाखा चालवत होती आणि जूनमध्ये नगरपालिकेला उभी राहणार होती. तिला युनियनचा पाठिंबा हवा होता. युनियनचे अध्यक्ष बे गी-हो खुर्चीत रेलून म्हणाले,

"मी-रानताई, पाठिंब्याचं तेहतीस प्रतिनिधी मिळून ठरवतील. माझ्या हातात काही नाही."

"तुमच्या हातात काय आहे मग?"

अध्यक्षांनी इकडेतिकडे पाहिलं. "ती किटली आहे. ती मी माझ्या अधिकारात देऊ शकतो."

मी-राननं खरंच खुर्चीवर चढून मला खाली काढलं. अध्यक्षांना वाटलं होतं ती चिडेल.

पक्षाची खोली एका लाँड्रीच्या वर होती. जिना असा उभा की वर येणारा माणूस धापाच टाकायचा. मी-रान म्हणायची, "बरंच आहे. दम लागलेला माणूस लगेच नाही म्हणत नाही." आल्यागेल्याला ती आधी माझ्यातला चहा द्यायची आणि मग 'पक्षात येता का' असं कधीच विचारायची नाही. विचारायची, "आठवड्यातला कुठला तास मोकळा असतो?" माणूस गोंधळून म्हणायचा, "गुरुवारी चार ते पाच." की वहीत नाव! अशा नऊ जणांचे तास तिनं जमवले होते. एक निवृत्त बसचालक, बाजारात समुद्रशेवाळ विकणाऱ्या दोघी जावा, एक शिकवणीवाला मास्तर. लाँड्रीवाला तिला चिडवायचा, "ताई, तुमचा अख्खा पक्ष माझ्या एका मशीनमध्ये मावेल!"

"मावू दे की," ती म्हणायची. "स्वच्छ तरी निघेल."

पण मला तिच्या हाताचा ताण कळायचा. प्रचारासाठी अठरा वस्त्या होत्या आणि माणसं नऊ. युनियन आली तर शंभर माणसं येणार होती, पहाटे फाटकावर उभं राहण्याची सवय असलेली. युनियन नाही आली तर मी-रान एकटीच फाटकावर येणाऱ्याजाणाऱ्या मतदारांना कमरेत वाकून नमस्कार करत राहणार होती. प्रतिनिधींची सभा फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी ठरली होती, आणि सगळं त्या दिवसावर अडलं होतं.

त्याच्या तीन दिवस आधी ब्यॉन दा-हे आली. तिच्या कडेवर चार वर्षांची बोम होती. दारातून आत येताच तिनं खोलीभर नजर फिरवली आणि थेट माझ्याकडे बोट केलं.

"ही किटली टेबलाच्या कडेला कुणी ठेवली? तोटी बाहेर आलीय! एखादं मूल आलं तर?"

तिनं मला भिंतीशी सरकवलं, तोटी आत वळवली. मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्या मनातली भीती कुणी पहिल्यांदाच बोलून दाखवली होती. मी त्याच क्षणी तिची झाले.

ती आली होती रविवारच्या डॉक्टरासाठी. बोमला एकदा रविवारी तापात झटके आले होते, आणि बेटावर मुलांचा एकही दवाखाना उघडा नव्हता. समुद्राखालच्या बोगद्यातून पलीकडच्या बुसान शहरात पोचेपर्यंत दा-हे मागच्या सीटवर मुलीचे ओठ बघत बसली होती. बेटावर रविवारी मुलांचा डॉक्टर हवाच, असं मी-राननं पत्रकात छापलं होतं. दा-हेनं एकच विचारलं, "हे नुसतं छापलंय, की खरंच करणार?"

"माणसं मिळाली तर खरंच करणार."

"मग माझे तास लिहा," दा-हे म्हणाली. "सासूबाई सकाळी बोमला ठेवून घेतात. सगळ्या सकाळी लिहा."

मी-राननं लिहिल्या. नव्या माणसांना निवडणुकीचे नियम सांगायचा वर्ग शनिवारी होता. शनिवार यायचा होता, पण दा-हेच्या सकाळी त्याआधीच सुरू झाल्या. चूक कुठे झाली म्हणाल, तर ती इथे झाली.

मंगळवारी गोदीवर असा हिमगार वारा होता की मोटारसायकलींवरून येणाऱ्या कामगारांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. मी-रान दक्षिण फाटकावर वाकून नमस्कार करत होती. उत्तर फाटक दा-हेकडे होतं. तिनं पहाटेच खोलीत येऊन चहा उकळला, मला टॉवेलात गुंडाळलं आणि पोटाशी धरून फाटकावर नेलं. माझा आनंद काय सांगू! पुन्हा तेच कुंपण, तेच पेले. "घ्या दादा, जपून, गरम आहे," ती प्रत्येकाला सांगत होती. बेचाळीस पेले झाले. रांगेत प्यो जुंग-मानही होता, आता केस पिकलेला, युनियनचा प्रतिनिधी. त्यानं दोन पेले घेतले आणि माझं झाकण पाहून ओरडला, "अरे, हा नट मी बसवलाय!"

रस्त्यापलीकडे एका गाडीची काच खाली झाली, आणि कुणीतरी फोटो काढला.

आमच्याकडे उमेदवाराच्या माणसानं मतदाराला रस्त्यात काही खाऊपिऊ घालणं हा गुन्हा आहे. पक्षाच्या खोलीत पेलाभर चहा चालतो; तोच चहा फाटकावर नेला की लाच ठरतो. देणाऱ्यावर खटला आणि पिणाऱ्यालाही दंड होऊ शकतो. दुपारपर्यंत प्रत्येकाच्या फोनवर तो फोटो होता. खाली लिहिलं होतं, 'मताची किंमत: एक पेला.' फोटोत मी मधोमध होते, चकचकीत.

दा-हे पांढरीफटक पडली. "मला वाटलं, थंडी आहे…" एवढंच ती म्हणत राहिली.

मी-राननं तिला दोष दिला नाही. कोट घातला, दा-हेचा हात धरला, मला उचललं आणि आम्ही तिघी निवडणूक कचेरीत गेलो. "कुणी तक्रार करण्याआधी मीच सांगायला आलेय," ती म्हणाली. अधिकाऱ्यानं माझे चारी बाजूंनी फोटो काढले आणि झाकणाचा नट फिरवून पाहिला. "निर्णय पत्रानं कळवू." कधी, ते सांगितलं नाही.

बुधवारी बे अध्यक्ष जिना चढून आले. मागे प्यो होता. धाप लागलेली, तरी चहाला दोघंही नको म्हणाले. दा-हे मोरीपाशी पेले विसळत होती. पडदा ओढलेला असल्यानं त्यांना ती दिसली नाही.

"ताई," प्योनं सुरुवात केली, "संपात या किटलीतला चहा पिऊन पोलिसांचा मार खाल्ला, त्याचं काही नाही वाटलं. आता दोन पेल्यांसाठी घरी दंडाचा कागद आला तर बायकोला काय सांगू?"

"बायको म्हणेल, दोन कशाला प्यायलास," अध्यक्ष म्हणाले, पण हसले नाहीत. ते मी-रानकडे वळले. "ताई, सरळ बोलतो. उद्या सभा आहे. माणसं चिडलीत. कुणावर तरी ठपका ठेवायला हवा. ती बाई पक्षाची नव्हती, आपल्याच मनानं आली, आम्ही तिला काढून टाकलं, असं कागदावर लिहून द्या. मतं मी फिरवतो. शंभर माणसं परवा सकाळी तुमच्या फाटकावर असतील."

मोरीवर पाणी वाहायचं थांबलं. माझ्यात चहा उकळत होता आणि झाकण इतकं वाजत होतं की मला स्वतःचीच लाज वाटली. शंभर माणसं! मी-रानचे ओठ हलले. ती मोजत होती, हे मला दिसलं. अठरा वस्त्या. रविवारचा डॉक्टर. एक सही.

"तिची नोंद मी माझ्या हातानं केलीय," ती शेवटी म्हणाली. "नियम मी सांगितले नाहीत. लिहायचंच असेल तर माझं नाव लिहिते."

"तुमचं नाव लिहून काय उपयोग? तुम्ही उमेदवार!"

"तेच तर."

"ताई, राजकारणात असलं चालत नाही."

"मग किटली देतानाच हेही सांगायला हवं होतंत, अध्यक्ष."

अध्यक्ष उठले. जिना उतरताना त्यांची पावलं मोठ्यानं वाजली. प्योची मात्र वाजली नाहीत. तो दर दोन पायऱ्यांवर थांबत थांबत गेला.

गुरुवारी मतं पडली. पाठिंबा द्यावा, चौदा. देऊ नये, एकोणीस. शुक्रवारी निवडणूक कचेरीचं पत्र आलं: पक्षाला लेखी ताकीद, पिणाऱ्यांना काही नाही. पत्र दोन दिवस आधी आलं असतं तर, असं लाँड्रीवाला म्हणाला. मी-राननं त्याला गप्प केलं.

शनिवारी दा-हे प्रचाराचं जाकीट घडी करून परत द्यायला आली. डोळे सुजलेले. "मी मोरीपाशी होते त्या दिवशी," ती म्हणाली. "माझ्यामुळे शंभर माणसं गेली."

"आज वर्ग आहे," मी-रान म्हणाली. "तो चुकवून जायचं नाही. बसा."

वर्गाला दा-हे धरून सगळे दहा जण होते. अकरावी पावलं जिन्यावर वाजली तेव्हा मला वाटलं लाँड्रीवाला आला. प्यो होता. आल्या आल्या त्यानं टोपी काढली.

"मी विरोधात मत दिलं," तो म्हणाला. "आधी सांगतो, उगाच गैरसमज नको. माझ्या माणसांना दंडाच्या भीतीत घालणाऱ्या पक्षामागे युनियन बांधायची नाही, हे मला आजही बरोबर वाटतं."

"मग आलात कशाला?" शेवाळवाली मोठी जाऊ फटकन म्हणाली.

प्योनं टोपी हातात फिरवली. "कंत्राटी माणसाला नेहमी असंच विकतात, बाई. दोन मोठी माणसं बसतात, आणि एका लहान माणसाचं नाव कागदावरून खोडतात. माझं दोनदा खोडलंय. बुधवारी इथं ते झालं नाही." त्यानं मी-रानकडे पाहिलं. "माझे मंगळवार आणि शुक्रवार मोकळे आहेत. सकाळी सहा ते सात. माझेच, युनियनचे नाहीत."

मी-राननं वही उघडली, पण पेन दा-हेकडे दिलं. तिनं त्याचं नाव लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं होतं, तरी वाचता येत होतं.

"आणि वहिनी," प्यो दा-हेला म्हणाला, "फाटकावर हात रिकामे ठेवायचे. दोन्ही. लांबून दिसले पाहिजेत. या, उभ्या राहा, दाखवतो." आणि माझ्यासमोर, लाँड्रीच्या वाफेनं कोंदलेल्या खोलीत, ती दोघं एकमेकांना कमरेत वाकून नमस्कार करायला लागली. वाकताना दा-हेच्या हातातली जाकिटाची घडी उलगडली, तेव्हा मोठ्या जाऊबाईंनी तेच तिच्या खांद्यावर टाकलं.

मित्रांनो, शंभराऐवजी एक आला. अठरा वस्त्यांना अकरा माणसं पुरतील का, मला ठाऊक नाही. निवडणूक अजून व्हायची आहे आणि माझा जीव टांगणीला आहे. पण तुमच्या शाळेत, गल्लीत, घरात कुणी आपणहून मदतीला आलं, तर त्याला कामाला जुंपण्याआधी घडीभर बसवून रीत सांगा. तरीही त्याच्या हातून सांडलं, तर आधी त्याला कुठे भाजलं का ते बघा; फरशी मागाहून पुसता येते.

आज मंगळवार आहे. ती सगळी रिकाम्या हातांनी फाटकावर गेली आहेत आणि वारा त्या दिवसासारखाच आहे. मला त्यांच्याबरोबर जाता येत नाही. खिडकीशी बसून मी उकळते आहे. सात वाजून गेले. इथे, या खोलीत, चहा द्यायला कुणाची मनाई नाही. बोटं गारठलेली असतील त्यांची. लवकर वर यावीत एवढंच.