कावेरीची चौकशी

तोंडवलीत एक रिवाज आहे, आणि तो कुठल्या पोथीत लिहिलेला नाही. वाडीतल्या मुलीची चौकशी करायला परका माणूस आला की अख्खी वाडी एका तोंडाने बोलते. एरवी बांधावरून डोकी फोडतील, पण त्या दिवशी सगळं माफ. मुलगी म्हणजे गाय, नाकासमोर चालणारी, उंबरठ्याबाहेर पाऊल न टाकणारी. भिकाजीची विमला, जिच्या तोंडाला पुरुषमाणसं भीत, तीसुद्धा गाय म्हणूनच रेडी गावात दिली. सासरच्यांना शिंगं दिसली ती लग्नानंतर. लेक उजवायची म्हणजे एवढं खोटं देवही पोटात घालतो, असं आपलं आम्ही म्हणतो.

कावेरीच्या बाबतीत मात्र देवाने ते पोटात घातलं नाही.

कावेरी ही गंगाराम तांडेलाची मुलगी. चोवीस वर्षांची, मॅट्रिक झालेली. गंगारामाने उभा जन्म मचव्यावर काढला, कौलं आणि आंबे भरून शिडाच्या होडीतून मुंबईपर्यंत जायचा. घरी आला की बंदरांची नावं सांगायचा आणि ही पोर डोळे विस्फारून ऐकायची. एकदा तिने विचारलं, मला कधी नेणार? तो हसला. बाईमाणसाला मचव्यावर घेत नाहीत, म्हणाला. तेव्हा ती आठ वर्षांची होती, पण ते हसणं ती विसरली नाही. सकाळी सातची एसटी मालवणला निघाली की कावेरी कळशी विहिरीच्या काठावर ठेवून बघत राही. गाडी वळणाआड गेली, धूळ बसली, तरी हिचं पाणी भरून व्हायचं नाही.

जिल्हा वेगळा होऊन तेव्हा दोनतीन वर्षं झाली होती, नव्या जागा निघत होत्या. देवगडच्या एका फळप्रक्रिया संस्थेने जाहिरात दिली: फिरती प्रशिक्षिका पाहिजे. गावोगाव जायचं, बायकांना आंबापोळी आणि कोकमाचं सरबत टिकाऊ कसं करायचं ते शिकवायचं, जिथे संध्याकाळ होईल तिथे मुक्काम करायचा. कावेरी मुलाखतीला गेली. समोरच्या बाईंनी फिरतीची गावं वाचून दाखवली, मुणगे, हिंदळे, मिठबाव, कुणकेश्वर, आणि विचारलं, एकटीने जमेल का? कावेरी म्हणाली, जमेल. बाई खूश दिसल्या. दोन प्रतिष्ठित माणसांची नावं लिहून द्यायला सांगितलं, तिने हेडमास्तरांचं आणि पोस्टमास्तरांचं दिलं. दोघांनी चांगली पत्रं पाठवली. झालं, आता ऑर्डरच येणार, असं ती धरूनच चालली. भात कांडताना, भाकरी थापताना ती गावं तिच्या ओठांवर असत. तिला ती नोकरी हवी होती, इतकी की जेवणावरची वासना गेली होती.

आणि मग एके दिवशी दुपारी वाडीत एक माणूस आला. पांढरा सदरा, हातात छत्री, काखेत फाइल. तो चहाच्या टपरीवर बसला, मग चार घरं फिरला. गंगारामाची कावेरी कशी आहे, स्वभाव कसा, घरचं वळण कसं, असं विचारू लागला. आपण कोण ते काही सांगेना. आता सांगा, आमच्याकडे असा माणूस कशाला येतो? नोकरीची चौकशी घरी येऊन करतात हे आमच्या सात पिढ्यांना ठाऊक नव्हतं. वाडीने कंबर कसली. शेजारची सुभद्राकाकी तर सर्वांच्या पुढे. आमचं चेडू म्हणजे गाय आहे, म्हणाली. मालवणच्या बाजारालासुद्धा एकटी जात नाही, सोबत लागतेच. लग्नाला घरची एका पायावर तयार आहेत, येत्या वर्षात उडवून देतील बार.

माणसाने सगळं लिहून घेतलं. काकी मागच्या दाराने धावत मळ्यात गेली आणि गवत कापणाऱ्या कावेरीला म्हणाली, चल, लुगडं बदल, स्थळ आलंय.

कावेरीने भारा उचलून डोक्यावर घेतला. ऑर्डर आज येईल, उद्या येईल, आणि हे मधेच कुठून उपटलं? एकदा का मुलाकडच्यांनी होकार कळवला की बाबा शब्द देऊन मोकळे होणार, मग कुठलं मुणगे आणि कुठलं मिठबाव. ती घरी गेलीच नाही. बांधावरून आडवी धावत एसटीच्या थांब्यावर पोचली. तो माणूस गाडीची वाट बघत उभा होता. डोक्यावर गवताचा भारा, पाय चिखलाचे, तिला तो काय ओळखणार? मुलाखतीला तो नव्हताच. त्याने सहज विचारलं, गंगाराम तांडेलाच्या मुलीला ओळखतेस का?

देवा म्हाराजा, सांभाळ, असं मनात म्हणून तिने स्वतःवरच तोंड सोडलं.

"तां? तां एका जाग्यार रवणारा न्हय. कोणाक भियणा नाय, कोणाचा आयकणा नाय. एसटी चुकली तर मालवणासून एकटा चलत येता. घरात डांबून ठेवलास तर पळान जायत."

माणसाने तिच्याकडे जरा नवलाने बघितलं, तेही लिहिलं, आणि गाडीत बसून निघून गेला. कावेरीला वाटलं, सुटले. त्या रात्री ती पोटभर जेवली.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. चौकशीअंती आपली निवड होऊ शकली नाही, कळावे. चौकशी हा शब्द तिने दोनदा वाचला, आणि तिला ती छत्री आठवली, ती फाइल आठवली. तो आला होता नोकरीच्या चौकशीला. आपल्याच तोंडाने आपण आपलं वाटोळं केलं, दुसऱ्या कुणाला बोल लावायला जागा नाही. दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता तिने सातची गाडी धरली, मालवणला बदलली आणि देवगड गाठलं.

तो माणूस, मोंडकर नावाचा, संस्थेच्या कचेरीत टेबलाशीच होता. तिने पत्र पुढे ठेवलं. म्हणाली, थांब्यावर जी बोलली ती मीच, आणि ते सगळं मी मुद्दाम वाईट सांगितलं.

मोंडकरांनी चष्मा काढला. फाइल ओढून तिचं पान काढलं.

"वाईट?" ते म्हणाले. "अहो, पाच जणांनी सांगितलं, मुलगी एकटी बाजाराला जात नाही, वर्षात लग्न होऊन जाईल. फिरतीच्या जागेला मी काय लिहिणार? तुमच्या बाजूने बोलली ती एकच, ती गवतवाली. तिचं मी शब्दन् शब्द लिहिलंय. पण पाचांपुढे एकटीचं कोण धरतं?"

जागा भरली होती. ऑर्डर गेली होती. तुम्ही नाव सांगितलं असतंत तर, असं काहीतरी ते पुटपुटले, पण त्याचा आता उपयोग नव्हता. कावेरीने मान हलवली आणि उठली.

परतीची गाडी किनाऱ्याकिनाऱ्याने निघाली. कुणकेश्वर आलं, मिठबाव आलं, हिंदळे, मुणगे. एकेक नाव कंडक्टर ओरडायचा आणि बायका पिशव्या सावरत उतरायच्या. प्रत्येक ठिकाणी कावेरीला उठावंसं वाटलं. वाटलं, इथे कुणीतरी आपली वाट बघत उभं असायचं. तिने खिडकीची दांडी घट्ट धरून ठेवली आणि ती मुकाट्याने रडली.

तिन्हीसांजेला वाडीत पोचली तर सुभद्राकाकी अंगणातच. खंय गेलेलंस गो, म्हणून ओरडली, आणि मग हळूच विचारलं, त्या स्थळाचं काही कळलं का?

"तेंचा दुसरीकडे जमला," कावेरी म्हणाली.

काकी हळहळली. तिचा जीव होता पोरीवर, खोटं कशाला बोला. तिने कावेरीच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाली, जाऊ दे, मी काही सांगायला कमी केलं नाही, पुढच्या खेपेला याहून बरं सांगेन.

"काकी, फुडच्या खेपेक कोण इलो तर माका फिरूक आवडता म्हणान सांग. एकटा खंयव जाता म्हणान सांग."

"असा कोण सांगता गो? लगीन मोडात."

"मोडांदे," कावेरी म्हणाली, आणि धुळीचे पाय धुवायला विहिरीकडे गेली.