नवी कॉपी सगळ्यात वर

नणंदेने मोजमापांची फाइल स्वतःच्या हाताने पुसली, इथवर काही बिघडलं नव्हतं. संशोधन संस्थेत असला उद्योग कोणी ना कोणी करतच असतं आणि मग पडेल चेहऱ्याने स्टोरेज सांभाळणाऱ्या वहिनीसमोर येऊन उभं राहतं. वहिनी चार शब्द सुनावते, कालची कॉपी काढून देते, विषय संपतो. आज सुनावून झालं, पण कालची कॉपी सापडेना. परवाचीही नाही. नेमाप्रमाणे सात कॉप्या होत्या, पण सगळ्या महिन्यापूर्वीच्या, सॉफ्टवेअर अपग्रेड व्हायच्या आधीच्या.

"छकू, तुझी फाइल अपग्रेडच्या आधीची की नंतरची गं?"

"नंतरची. मोजमापं सगळी नव्याने घेतली ना मी! परवा प्रबंध द्यायचाय, वहिनी." पस्तिशी गाठली तरी घरात शेंडेफळ म्हणून ती छकूच होती. "मिळेल ना?"

"न मिळायला काय झालं? तू जा, काम कर."

वहिनीने कॉप्या करणारी स्क्रिप्ट उघडली. रोज एक नवी कॉपी करायची, मग सगळ्या कॉप्यांची यादी मागवायची आणि सातच्या वर जितक्या होतील तितक्या यादीच्या वरून पुसायच्या. इतकी वर्षं बिनबोभाट चाललेलं काम. नोंदीतही रोज 'यशस्वी'. यशस्वी कसलं डोंबल! तिने परवानग्या तपासल्या, डिस्कवरची जागा तपासली, स्क्रिप्टची ओळ न् ओळ वाचली. चूक असती तर निदान तिच्यावर ओरडता तरी आलं असतं. शेवटी तिने सॉफ्टवेअर कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला.

"मॅडम, एकदा बंद करून चालू केलंत का?"

"दोनदा केलं. आणखी एकदा करू? तुमच्या समाधानासाठी?"

तिकडे कीबोर्ड वाजत राहिला. तोवर तिने स्क्रिप्टबाहेर एक नवी कॉपी केली आणि यादीचा आदेश स्वतः टाइप करून चालवला. आत्ता केलेली कॉपी यादीत सगळ्यात वर होती. आजवर वर असायची ती सगळ्यात जुनी. म्हणजे स्क्रिप्ट महिनाभर रोज इमानेइतबारे ताजी कॉपी करत होती आणि तीच लगेच पुसत होती.

"हो, क्रम बदललाय," फोनवरचा म्हणाला. "नवं वर दिसलं की लोकांना बरं पडतं. आदेश चालवला की दर वेळी तशी सूचना येते, मॅडम."

सूचना आत्ताही यादीच्या खाली दिसत होती. पण इथे सूचना मेलवर जाण्याआधीच गिळून टाकायची ओळ प्रत्येक स्क्रिप्टमध्ये घातलेली होती. मेलबॉक्स रिकामा म्हणजे काम चोख, हा साहेबांचा नियम.

"पुसलेली कॉपी परत काढता येईल?"

"नाही, मॅडम. आणखी काही मदत हवी होती?"

तिने फोन आपटला आणि तरातरा साहेबांच्या खोलीत गेली. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "सूचना बंद करा म्हणालो होतो मी," ते म्हणाले, "वाचायच्या बंद करा असं कुठे म्हणालो?"

बंद केलेल्या सूचना वाचायच्या कशा, हे विचारण्यात अर्थ नव्हता. जागेवर येऊन तिने यादीचा क्रम जुन्यापासून लावून घेतला. एका शब्दाचं काम. त्या एका शब्दापायी सगळी सकाळ आणि एका बाईचं महिन्याचं काम मातीत गेलं होतं. रागाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने बाहीनेच पुसलं.

मग ती छकूच्या प्रयोगशाळेत गेली.

"नाही राहिली गं. एकही नाही."



"एक माझ्या पेन ड्राइव्हवर होती," छकू म्हणाली. "मागच्या आठवड्यात तू आलीस आणि म्हणालीस, संस्थेत खाजगी कॉप्या चालत नाहीत, माझ्यावर विश्वास नाही का? तू समोर उभी होतीस म्हणून पुसली मी."

वहिनीला ते चांगलं आठवत होतं. ड्राइव्ह रिकामा झाल्याचं तिने स्वतः बघून घेतलं होतं.