भुवीला बघायला

मुलांच्या कॅन्सर वॉर्डात दोन पोरांना सर्दीच्या विषाणूनं गाठलं, आणि हेमावती सिस्टरांनी दुसऱ्या मजल्याचं दारच लावून घेतलं. एका लेकराजवळ एकच माणूस, तेही हात धुऊन, मास्क लावून. आपलं नाक गळण्यावर भागतं, केमो चाललेल्या पोरांचा मात्र श्वासच अडकतो, असं त्यांनी सुंदरम्माला सांगितलं. तिची सात वर्षांची नात भुवनेश्वरी तिथंच होती. सकाळी तिच्याजवळ आई चन्नम्मा बसे, दुपारपासून सुंदरम्मा. त्या दुपारच्या पाळीवरच म्हातारी जगत होती म्हणा ना.

आणि नेमका त्याच दिवशी अक्कलकोटकडून गावचा टेम्पो आला. बारा माणसं, पुढे सुंदरम्माचा दीर रेवणसिद्ध. आजाऱ्याला बघायला निघालेलं आपलं माणूस म्हणजे काय विचारता! न बघता परतलं तर गावात तोंड कसं दाखवायचं? हातात शहाळी, बिस्किटांचे पुडे, आणि निम्म्यांच्या गळत्या नाकाला पदर नाहीतर रुमाल. फाटकावर गुरु वॉचमन एकटा. तो दहा जणांशी हुज्जत घालेपर्यंत दोघं जिना चढली असती. रेवणसिद्धाचं तर म्हणणं, लांबूनच एकदा डोक्यावर हात ठेवतो नि येतो. लांबून हात कसा ठेवतात ते त्यालाच माहीत.

सुंदरम्मा भांडली असती तर जन्माचा रुसवा झाला असता. ती भांडली नाही. आवारातल्या कडुलिंबाखालच्या बाकावर सरळ आडवी झाली नि सोलापुरी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

“भुवीला बघायचं ते मला बघा,” ती म्हणाली. “तिचं समदं दुखणं माज्याकडं हाय.”

मग रेवणसिद्ध बाकाच्या कडेला टेकला, वैनी ताप हाय का म्हणत त्यानं तिच्या कपाळावर हात ठेवला, आणि तोंड फिरवायच्या आतच शिंकला. पुढचं आपोआप, रीतीप्रमाणं झालं. एकेक जण येऊन बसला, काय खाल्लं विचारलं, खोकला, डोळे पुसले. बाकाशी पुड्यांचा ढीग लागला आणि टेम्पो समाधानानं परत गेला.

सुंदरम्मा मनातल्या मनात हसत जिन्याकडे निघाली, तर वरून सगळं पाहिलेल्या हेमावती सिस्टर आडव्या आल्या. बारा जणांची सर्दी अंगावर घेतलीत आजी, आता आठ दिवस वर यायचं नाही, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. हे म्हातारीच्या ध्यानातच आलं नव्हतं. पायरीवर बसून ती पोटभर रडली. सिस्टरांचेही डोळे भरले, पण त्या दारातून हलल्या नाहीत.

संध्याकाळी चन्नम्माचा फोन आला, बाकावरून वर बघ म्हणून. दुसऱ्या मजल्याच्या काचेमागे मास्क लावलेली टकलू भुवी उभी होती. आईनं तिला सगळं सांगितलं असावं, कारण फोनवरचा आवाज अगदी पोक्त बाईचा होता.

“अज्जी, मी तुला बघायला आलेय. ताप हाय का? काय खाल्लंस?”

सुंदरम्मा लगबगीनं बाकावर आडवी झाली आणि तिनं चादर गळ्यापर्यंत ओढली.

“आता लई बरं वाटायलंय,” ती म्हणाली.