काचेत वर पाहणारी मुलं

सोमवारी सकाळी साडेदहाला मोठ्या बाई परिषदेहून परतल्या. बॅग त्यांनी माझ्यामागच्या अंधाऱ्या खोलीत टेकवली आणि मुलांच्या खोलीत येऊन चपला काढल्या. मग सतरंजीवर मांडी घालून माझ्याकडे एकटक बघत बसल्या. इतक्या वर्षांत त्यांनी मला या बाजूने असं कधी पाहिलं नव्हतं.

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे, पण तुमच्या घरातल्यासारखा नाही. एका बाजूने मी आरसा आणि दुसऱ्या बाजूने खिडकी. उजेडात बसलेल्याला माझ्यात स्वतःचं तोंड दिसतं. अंधारात बसलेल्याला माझ्यातून तो उजेडातला माणूस दिसतो. कारखान्यात माझ्यावर धातूचा इतका पातळ थर चढवला होता, की कारागीर म्हणाला, "जपून रे, शिंक आली तर तोंड फिरव." तिथून मी या भिंतीत आलो तो कायमचा.

या इमारतीत माणूस लहानपणी कसा घडतो याचा अभ्यास चालतो. रांगतं मूल आणि त्याची आई सतरंजीवर खेळतात. दारावर टकटक झाली की आईने 'पुतळा' व्हायचं. हसायचं नाही, बोलायचं नाही, चेहरा दगडाचा करायचा. मूल आधी हसून बघतं, मग हात मारतं, मग ओरडतं. आई हलत नाही. शेवटी ते तोंड फिरवतं आणि माझ्याकडे बघू लागतं. बघता बघता शांत होतं.

यावरूनच मोठ्या बाईंचं नाव झालं. त्यांनी मांडलं, की मूल आरशातल्या स्वतःलाच जवळ करतं आणि आपलं आपण सावरतं. पाहुणे येत, मला टिचक्या मारून बघत आणि म्हणत, "वा, काय काच आहे!" पुढे पाळणाघरांतही सांगू लागले, "रडू द्या थोडं. आपापलं सावरतं." बाईंचं पुस्तक आता छपाईला गेलं होतं.

माझे मात्र हाल सुरू झाले होते. कुणी ओल्या फडक्याने खसाखसा पुसून माझ्या अंगावर चरे पाडले, कुणी कपाट सरकवताना कोपरा खरवडला. छताला कॅमेरे आल्यापासून माझ्या जागी साधी भिंत घालायचं बोलणं चाललं होतं.

त्या सोमवारी बाईंच्या मागोमाग गणित्या आला. हा बाईंचा जुना विद्यार्थी, आता सहकारी. आकडेमोड सगळी त्याची, म्हणून हे नाव. परिषदेला दोघं बरोबर गेले होते.

"बाई, एवढं काय मनाला लावून घेता? माकडांवर काम करणारी ती. तिला पोरांतलं काय कळतं?"

"प्रश्न माकडाचा नव्हता, गणित्या. झोप पालथा."

"आँ?"

"झोप म्हणते ना. मुलाएवढा हो."

गणित्या कण्हत कण्हत सतरंजीवर पालथा झाला. "पोट मध्ये येतंय," तो म्हणाला.

"ते जगाला दिसतंय. तोंड कुठे दिसतं तुझं?"

"समोर. खालीच."

"आणि परिषदेत आपण दाखवली त्या चित्रफितीतली ती रांगती ठमी कुठे बघते?"

झोपल्या झोपल्या गणित्याने बोट उचललं, स्वतःच्या प्रतिबिंबाच्या बरंच वर.

परिषदेत हेच झालं होतं. माणसाच्या जडणघडणीवर दिवसभर भाषणं झाली, टाळ्या झाल्या. बाईंची चित्रफीत संपल्यावर त्या माकडवाल्या अभ्यासक उठल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "मूल स्वतःकडे बघत असेल, तर त्याची नजर वर का आहे?" परतीच्या प्रवासात दोघांनी जुन्या चित्रफिती पुन्हा लावून पाहिल्या. सगळी मुलं वरच बघत होती. मोठं माणूस खुर्चीत बसल्यावर त्याचे डोळे जिथे येतात, तिथे.

"दिवा," गणित्या एकदम उठून बसला. "बाई, मागचा दिवा!"

मागच्या खोलीत बाई आणि गणित्या खुर्च्यांवर बसून मुलांना बघत टिपणं लिहितात; त्यासाठी तिथे एक वाकड्या मानेचा दिवा आहे. सुरुवातीला त्यावर काळं कापड असायचं. ते कधीतरी पडलं, कुणी झाडून टाकलं, आणि पुन्हा कुणी बांधलं नाही. मित्रांनो, माझं सगळं कसब अंधारावर चालतं. मागे उजेड पडला, की मी अर्धा आरसा आणि अर्धा भूत होतो.

गणित्याने मागे जाऊन दिवा लावला. सतरंजीवरच्या बाईंना माझ्यात स्वतःचा चेहरा दिसत होता. त्याच्या वर, धुक्यातून यावा तसा, दुसरा चेहरा आला, गणित्याचा. धड नसलेला, खाली मान घातलेला.

"अगं बाई गं," त्या पुटपुटल्या. "मुलं माझ्याकडे बघत होती रे. सगळी. आई दगड झाल्यावर मला हाका मारत होती, आणि मी लिहीत बसले होते."

त्यांनी तिथूनच छापखान्याला फोन करून पुस्तक थांबवलं.

"घाई करू नका," गणित्या म्हणाला. "दिवा काढून पुन्हा करून बघू. मुलं खाली बघू लागली, तर मग दिव्याचाच घोळ होता हे ठरलं."

बुधवारी दुपारी ठमीला पुन्हा बोलावलं. तिची आई शिवणकाम करते. मोजायची टेप गळ्यातच विसरून आली होती. "करा काय ते लवकर," ती म्हणाली. "मागच्या वेळी मी पुतळा झाले, तर घरी गेल्यावर महाराणीने ढुंकून बघितलं नाही माझ्याकडे. बापाच्या कडेवर बसून नाक मुरडत होती." दिवा काढून टाकला होता. मागच्या खोलीला बाहेरून कुलूप होतं आणि बाई नि गणित्या बाहेर, कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर बसले होते. माझ्यामागे कुणीही नव्हतं. हे मी खात्रीने सांगतो, कारण त्या बाजूलाही मीच आहे.

टकटक झाली. आई पुतळा झाली. ठमी रडली, वळली आणि माझ्याकडे वर बघून हसली. मग तिने दोन्ही हात पुढे केले. उचलून घे म्हणताना लेकरं करतात ना, तसे.

"सुटलो!" गणित्याचा आवाज दारातून आला. "दिव्याचा संबंध नव्हता, बाई. तुमचं म्हणणं शाबूत आहे. छापू दे."

"शाबूत? मग वर काय आहे?"

"सवय असेल."

"ती दुसऱ्यांदाच आली आहे, गणित्या. कसली सवय?"

मित्रांनो, मला फार शिकवता येत नाही. एवढंच सांगतो. लहान मूल कुठे बघतंय हे विचारायला वेळ काढा. ते शांत झालं म्हणजे सावरलं, असं धरून चालू नका. आणि काच पुसताना कोरडं, मऊ कापड घ्या.

शुक्रवारी सकाळी बाई एकट्याच मागच्या अंधारात येऊन बसल्या. पुस्तकाचं काय करायचं ते आज ठरवून टाकते, असं त्या गणित्याला म्हणाल्या होत्या. तो कॅमेऱ्यापाशी बसला होता. त्याची नेहमीची खुर्ची बाईंच्या उजव्या हाताला रिकामी होती. बाईंनी श्वाससुद्धा जपून घेतला. समोर ठमीची आई पुतळा झाली. ठमी वळली आणि वर बघू लागली.

बाई थोड्या पुढे वाकल्या. ठमीची नजर हलली नाही. नजर बाईंकडे नव्हतीच. शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे होती. ठमी हसली, मान तिरकी करून ऐकल्यासारखं केलं आणि पुन्हा हसली.

बाईंनी अंधारात उजवा हात लांब केला आणि खुर्ची चाचपली. ती गार होती की उबदार, हे काचेला कळत नाही. बाईंनी हात काढला नाही. बाहेरून गणित्या विचारत होता, "बाई, छापखान्याला काय सांगू?" अजून त्याला उत्तर मिळालेलं नाही.