मानाच्या जागेवरचा थर्मामीटर

मित्रांनो, मी एक जुना थर्मामीटर आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, कुणाच्याही होला हो म्हणायची मला सवय नाही. काचेची नळी, तिच्या तळाशी पाऱ्याचा टपोरा थेंब आणि मागे पितळेची पट्टी, एवढाच माझा पसारा. ऊब वाढली की पारा चढतो, कमी झाली की उतरतो. यात माझी हुशारी काही नाही. पण माझ्या नावावर लोकांनी इतके वाद घातले की माझी बाजू मीच मांडलेली बरी.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. एका कारागिराने भट्टीपुढे बसून माझी नळी फुंकली. मग मला बर्फाच्या चुऱ्यात बुडवलं आणि पारा जिथे थांबला तिथे खूण केली. मग कोमट पाण्यात बुडवलं, मग कढत पाण्यात, आणि पुन्हा खुणा केल्या. जे जाणवेल ते खरंखरं सांगायचं, एवढंच शिक्षण मला मिळालं. मी टांगला कुठे जाणार, हे मात्र माझ्या हाती नव्हतं. माझी सगळी कहाणी त्याच एका गोष्टीवरून घडली.

ग्वाल्हेर तेव्हा संस्थान होतं. शहराच्या लष्कर नावाच्या भागात, कंपू मोहल्ल्याच्या बाजूला, मुलींची एक मराठी शाळा निघाली आणि दरबाराकडून तिला भेटी आल्या. त्यात एक मोठं घड्याळ होतं, एक पृथ्वीचा गोल होता आणि मी होतो. शाळेच्या समितीवर दिनकरराव होते. दरबारात कोण कुठे बसणार, पान आणि अत्तर आधी कुणापुढे फिरणार, कुणाच्या पगडीला कुठली रांग, हे ठरवण्यात त्यांची सारी नोकरी गेली होती. दरबाराची भेट ठेवायची कुठे, असा प्रश्न त्यांना पडणं शक्यच नव्हतं. मानाची वस्तू मानाच्या जागीच. त्यांनी मला दर्शनी दरवाजाच्या वर, अगदी मधोमध, चकचकीत पितळी पट्टीसकट ठोकून घेतलं.

तो दरवाजा पश्चिमेला होता. ग्वाल्हेरला दुपारनंतर पश्चिमेचं ऊन म्हणजे काय, ते तुम्ही तिथल्या कुणालाही विचारा. भिंत दगडाची, पट्टी पितळेची, आणि समोरून सूर्य थेट माझ्या अंगावर. मी भाजून निघायचो. पण माझं कौतुक बघा. दसऱ्याला मला झेंडूची माळ, हळदीकुंकवाच्या समारंभात पट्टीवर कुंकवाचं बोट, पाहुणा आला की आधी मान वर करून माझं दर्शन. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. भाजत असलो तरी छाती फुगवून मी पाऱ्याचा आकडा दाखवायचो, आणि तो जुन्या फॅरनहाइटच्या अंशांत.

दिनकररावांना तर माझा आकडा म्हणजे घरचं भूषण वाटायचं. "एकशे बावीस," ते मिशीवर हात फिरवून म्हणायचे. "हे ग्वाल्हेरचं ऊन आहे. इथे राहायला छाती लागते." आकडा जेवढा वर, तेवढी त्यांची मान ताठ. त्या आकड्याशी त्यांचा स्वतःचा काही संबंध नव्हता, पण हे त्यांना सांगणार कोण?

मग संस्थान विलीन झालं आणि मध्यभारत नावाचं नवं राज्य आलं. नव्या सरकारने हिवाळ्यात ग्वाल्हेरला राहायचं आणि उन्हाळा लागला की दप्तरं बांधून इंदूरला जायचं ठरवलं. आता ऊन ही नुसती तक्रारीची गोष्ट राहिली नाही, त्याचं राजकारण झालं. समितीच्या बैठका माझ्या खालीच व्हायच्या. कुणी म्हणे, "राज्य गेलं तसं हवामानही बिघडलं. एवढं ऊन पूर्वी कधी नव्हतं." कुणी म्हणे, "काही बिघडलेलं नाही, सगळं इंदूरवाल्यांचं नाटक आहे." गंमत अशी की दोन्ही बाजूंचे लोक बोट माझ्याकडेच दाखवायचे. पूर्वी मी किती दाखवायचो ते कुणी लिहून ठेवलं नव्हतं. आणि मी उभा कुठे आहे, हे कुणी बघत नव्हतं.

एका चैत्रात परीक्षा खात्यातले एक साहेब शाळेत आले. वैशाखात मुलींची मॅट्रिकची परीक्षा इथे घ्यायची की नाही, हे त्यांना ठरवायचं होतं. ते आले ते नेमके भर दुपारी. दिनकररावांनी पगडी सावरून त्यांचं स्वागत केलं आणि नेहमीच्या अभिमानाने म्हणाले, "साहेब, हे बघा. एकशे बावीस. तुमच्या इंदूरला हे मिळायचं नाही."

साहेबांनी वर बघितलं आणि रुमालाने मान पुसली. ते भले गृहस्थ होते, त्यांना मुलींची खरंच काळजी वाटली. "अहो, एवढ्या उन्हात मुली पेपर कशा लिहिणार?" ते म्हणाले. "चैत्रात हे, तर वैशाखात काय होईल? मी केंद्र इंदूरला हलवायला सांगतो. शनिवारी मी निघण्याआधी काय ते पक्कं करू."

दिनकररावांचा उतरलेला चेहरा मला वरून स्पष्ट दिसला. त्यांची नात पद्मा त्याच वर्षी परीक्षेला बसणार होती. अभ्यासात पक्की, बोलायला फटकळ, आणि तिला पुढे शिकून शिक्षिका व्हायचं होतं. इतर मुलींचंही तसंच. पण इंदूरला जाऊन दिवसचे दिवस राहायचं, तर त्या काळी किती घरं पाठवणार? खुद्द दिनकररावच संध्याकाळी म्हणाले, "आमच्या घरातली मुलगी परगावी परीक्षेला जाणार नाही. बिलकुल नाही. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी बघू म्हणजे काय, हे पद्माला चांगलं माहीत होतं. तिच्या मोठ्या बहिणीचं असंच पुढच्या वर्षी बघू म्हणता म्हणता लग्न उरकलं होतं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या पायरीवर बसून ती रडली. मी तिच्या डोक्यावरच होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या आकड्याची लाज वाटली.

शाळेच्या मुख्याध्यापिका शालिनीताई तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. बाई मोठ्या शांत. पण कुणी काही ठासून सांगितलं की लगेच मान डोलवायची नाही, ही त्यांची रीत होती. त्यांनी बाक ओढला, त्यावर चढल्या आणि माझ्या पितळी पट्टीवर तळहात ठेवला. ठेवला तसा झटकन मागे घेतला. मग बाकावरूनच त्यांनी दिनकररावांना बोलावणं पाठवलं.

"दिनकरराव," त्या म्हणाल्या, "गावात ऊन किती ते हा सांगतच नाहीये. या तापलेल्या दरवाजाशी किती आहे, ते सांगतोय. आमच्या मुली काही दरवाजाला लटकून पेपर लिहिणार नाहीत."

"मग काय करायचं म्हणता?"

"याला इथून काढून सावलीत लावायचं."

दिनकररावांना राग आला. "दरबाराची भेट आहे ती, ताई. मागच्या अंगणात टांगायला ती काय झाडू आहे? एवढी वर्षं तो तिथे आहे, कुणाला शंका आली नाही. आज तुम्हाला आली?"

शालिनीताई काही बोलायच्या आत पद्मा उठली. डोळे पुसून ती म्हणाली, "आजोबा, मान ठीक आहे, लेकिन मेरी परीक्षा का क्या? याचा मान राहील आणि मी घरी बसेन. तुम्हाला चालेल?"

दिनकरराव बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. त्यांचं राज्य गेलं होतं, नोकरी गेली होती, रांगा ठरवायला दरबार उरला नव्हता. उरला होता तो मी आणि माझी जागा. ती सोडणं त्यांना किती जड गेलं असेल, ते मला कळत होतं. अखेर ते स्वतः बाकावर चढले. दुसऱ्या कुणाला त्यांनी मला हात लावू दिला नाही. खिळे काढले आणि दोन्ही हातांवर धरून त्यांनी मला खाली उतरवलं.

पण माणसाचा स्वभाव बघा. एकदा नातीची बाजू घ्यायची म्हटल्यावर त्यांनी ती दरबारी थाटात घेतली. मला थेट वाळ्याच्या पडद्यापाशी नेलं, पाणी मारलेल्या, गारेगार पडद्याला अगदी चिकटून. वर शेजारी माठ. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, माझा पारा अठ्ठ्याऐंशीवर येऊन बसला. "बघा," दिनकरराव खुशीत म्हणाले, "आहे कुठे ऊन? उगाच बोंबाबोंब."

शालिनीताईंना हसू आलं, पण त्यांनी मान हलवली. "आता हा आपल्या बाजूने खोटं बोलतोय."

"आपल्याच बाजूने आहे ना? मग बोलू द्या."

"नाही. साहेब पडद्याला हात लावतील आणि आपलं खरंही खोटं ठरेल. शिवाय उद्या मुलींना चक्कर आली, तर हा पडदा घेऊन का फिरायचं आपण?"

मित्रांनो, त्या बाईंबद्दल माझ्या मनात तेव्हापासून फार आदर आहे. समोरच्याच्या आकड्यावर शंका घेणारे मी पुष्कळ पाहिलेत. आपल्या सोयीच्या आकड्यावर शंका घेणारं माणूस मला ते एकच भेटलं.

त्यांनी अंगणात निंबाच्या सावलीत एक खांब रोवला, वर गवताचं छोटं छप्पर घातलं आणि मला त्यात टांगलं. भिंत लांब, पाणी लांब, चारही बाजूंनी वारा. तिथे दुपारी मी एकशे चार दाखवले. मी शपथेवर सांगतो, इतकं नीट मला कधीच सांगता आलं नव्हतं.

शनिवारी साहेब आले आणि चिडले. "त्या दिवशी एकशे बावीस, आज एकशे चार. पुढच्या खेपेला तुम्ही मला बर्फ पडलेला दाखवाल. मी विश्वास कशावर ठेवू?"

"आमच्यावर ठेवूच नका," शालिनीताई म्हणाल्या. "तुम्हीच टांगा. सावली हवी आणि भिंत लांब हवी, एवढंच बघा. बाकी जागा तुमची."

साहेबांनी मला खांबावरून काढलं आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, चिंचेखाली नेलं. वाट बघितली. मग शाळेमागच्या मोकळ्या छपरीत नेलं. पुन्हा वाट बघितली. पारा जरासा इकडेतिकडे झाला, पण एकशे चारची सोबत त्याने सोडली नाही. शेवटी ते स्वतःहून दर्शनी दरवाजाशी गेले आणि माझ्या रिकाम्या जागेच्या दगडावर हात ठेवून आले. हात चोळत म्हणाले, "पण ताई, एकशे चार म्हणजेही ऊन काही कमी नाही."

"मी कमी आहे म्हटलंच नाही. दुपारी पेपर घेऊ नका. सकाळी घ्या, दहाच्या आत संपवा. पण मुलींना इथेच बसू द्या."

साहेब हो म्हणाले. दिनकररावांनी त्यांना इतकं अत्तर लावलं की बिचाऱ्यांचा रुमाल भिजला. वैशाखात पद्मा आणि तिच्या मैत्रिणी पहाटेच निघून शाळेत यायच्या आणि लूचा गरम वारा सुटायच्या आत पेपर देऊन घरी जायच्या. पद्मा पास झाली. निकालाच्या दिवशी ती खांबापाशी आली आणि माझी काच पदराने पुसली. त्या दिवशी माझा पारा चढला असेल, तर तो उन्हाने नव्हता.

पुढे पुन्हा राज्यं मोडून नवी जोडली गेली. मध्यभारतही गेलं, राजधानी भोपाळला गेली. "आता हिवाळाही आपला राहिला नाही," असं दिनकरराव म्हणायचे. पद्मा शिकून त्याच शाळेत शिक्षिका झाली. शालिनीताई निवृत्त होणार होत्या, आणि त्यांचा निरोपसमारंभ दिनकररावांनी हाती घेतला. भर दुपारी, उघड्या अंगणात, मुलींच्या रांगा वर्गवार, पाहुण्यांच्या खुर्च्या मानाप्रमाणे. म्हातारपणी त्यांना पुन्हा एकदा दरबार भरवायला मिळाला होता.

त्या दिवशी माझा पारा छपराखाली एकशे पंधरावर गेला. तिथे मी इतका वर कधीच गेलो नव्हतो.

"जागा बघ आधी," दिनकरराव लगेच पद्माला म्हणाले. "तुम्ही दोघींनीच शिकवलंत ना मला? कुठूनतरी ऊन लागत असेल."

पद्माने ते हसण्यावारी नेलं नाही. छप्पर तपासलं, कुठे कवडसा येतो का बघितलं, मला पुसलं. मला काढून चिंचेखाली नेलं, मग छपरीत. मी तिन्हीकडे तेच सांगितलं.

"आजोबा, शंका घ्यायची ती घेतली," ती म्हणाली. "आता याचं ऐकायचं."

"पण सगळी मांडणी झाली आहे ग."

"माझ्या वेळी याने आपल्याला हवं ते सांगितलं, म्हणून तुम्ही ऐकलंत. आज नको ते सांगतोय, म्हणून नाही ऐकणार?"

दिनकररावांनी पगडी काढून मांडीवर ठेवली. मग उठले आणि पहिल्या रांगेतली पहिली खुर्ची स्वतः उचलून आत नेली. समारंभ दिवस कलल्यावर झाला. एकाही मुलीला चक्कर आली नाही.

मित्रांनो, आता माझी पट्टी हिरवी पडली आहे आणि मी एका कपाटात आडवा पडून असतो. माझी जागा नव्या यंत्रांनी घेतली, त्याचं मला दुःख नाही. त्यांच्यावरूनही तुम्ही तसेच भांडता, हे ऐकू येतं. कुणी म्हणतं ऊन भयंकर वाढलं, कुणी म्हणतं सगळ्या थापा आहेत. दोघांनाही विचारा, कुठे टांगलं होतं, कसं मोजलं. खुशाल विचारा, आम्हाला त्याचा राग येत नाही. पण सगळं तपासून झाल्यावर जो आकडा येईल, तो आवडला नाही तरी मान्य करा. आम्हाला माळा घालू नका, नुसती सावली द्या आणि नीट बघा. कारण आम्ही काय सांगतो इकडे डोळे लावून पायरीवर एखादी पद्मा बसलेली असते, आणि तिच्याकडे पुढचं वर्ष नसतं.