आठ माणसांची डाळ

रिपोर्टवर सही तेवढी राहिली होती. दुपारची नाव धरून डॉ. तोहुरा ढाक्याला निघणार होती, आणि उद्या सरकारी साहेबांसमोर सांगणार होती, की गरोदर बायकांना रोज दिलेल्या लोहाच्या पुडीचा काडीचाही उपयोग नाही. ब्रह्मपुत्रेतल्या या वाळूच्या बेटांवर तिनं अकरा वर्षं घातली. पुडी घेणारी काय अन् न घेणारी काय, सगळ्या सारख्याच पांढऱ्याफटक! का, ते काही केल्या कळेना. उद्या तिनं 'नाही' म्हटलं, की पुड्या कायमच्या बंद.

जाता जाता शेवटचं घर मोर्शेदाचं. पोर एकोणीस वर्षांची, सातवा महिना. बोट टोचून रक्ताचा थेंब यंत्रात घातला आणि हिमोग्लोबिनचा आकडा तोहुरानं दोनदा वाचला. सहा! हवं अकराच्या वर. बाळंतपणात थोडं जास्त रक्त गेलं, तर ही हातची जायची. तोहुराची आई अशीच गेली होती, याच बेटावर.

"पुडी घेतेस ना गं?"

मोर्शेदानं सासूकडे पाहिलं. सासू जोमिला फणकाऱ्यानं आत गेली आणि दोऱ्यात ओवलेल्या रिकाम्या पुड्यांची माळ आणून पुढ्यात आपटली. "मोजा, डाक्तर आपा! एक जरी कमी भरली तर नाव बदलीन."

"जोमिलाखाला, नाव राहू दे. पण पुडी पोटात जाते, तर रक्त का वाढत नाही?"

"ते मला काय विचारता? शिकलेल्या तुम्ही."

एवढ्यात चुलीवर डाळ उतू आली. जोमिलानं झाकण काढलं, कमरेला खोचलेली आजची पुडी दातानं फोडली आणि सगळी हंडीत झटकली. आठ माणसांच्या डाळीत!

"अहो खाला! ती सुनेची आहे!"

"मग? सुनेनं घरादारादेखत एकटीनं चांगलंचुंगलं खायचं? दृष्ट लागून पोटातलं पोर वाळेल की! या बेटावर कुणाची सून खाते तशी, दाखवा. सगळ्याच घालतात हंडीत. तुम्हीच तर सांगितलंत पहिल्या वर्षी, तिच्या जेवणात घाला म्हणून. आता सुनेचं जेवण मी वेगळं कुठून आणू? सगळ्यांचं झालं, की तळाला उरतं ते तिचं."

तोहुरा हंडीपाशी वाकली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! रक्त तपासलं, पाणी तपासलं, मातीसुद्धा तपासली बाईनं. हंडीत मात्र एकदाही डोकावली नाही.

घाटावरून नावाड्यानं हाक दिली. गप्प बसणं किती सोपं होतं! पुडी निकामी ठरली असती, तिच्या नावाला धक्का लागला नसता. खरं सांगावं, तर अकरा वर्षं मातीत, वर लोक हसणार. तिला खरंच भीती वाटली. तिनं मोर्शेदाच्या पांढऱ्या नखांकडे पाहिलं आणि ढाक्याला आपल्या वरिष्ठांना, वदूद सरांना फोन लावला.

"सर, रिपोर्ट थांबवा. पुडी बायकांच्या पोटात गेलीच नाही."

"तोहुरा, वेड लागलंय का? उद्या बैठक आहे! चूक कुणाची म्हणून सांगू?"

"माझी. सून कधी जेवते, काय उरतं तिला, हे मी विचारलंच नाही." तिनं चुलीवरच्या हंडीकडे पाहिलं. "आणि मला ठाऊक होतं, सर. माझी आई हंडी खरवडायची. तो आवाज अजून कानात आहे माझ्या."

फोन ठेवून तिनं मोर्शेदाला हाताला धरून उठवलं. हिला आजच रक्त चढवायला हवं होतं. जोमिलानं कटकट केली, नशिबाला बोल लावला, पण अडवलं नाही. नाव सुटता सुटता मात्र ती धापा टाकत घाटावर आली. हातात झाकलेली थाळी होती, भात आणि वर घट्ट डाळ. घरात अजून कुणीच जेवलं नव्हतं.

"पदराआड धरून खा गं," ती सुनेवर खेकसली. "म्हणजे दृष्ट नाही लागायची."