दहाव्या वर्षाचा बिल्ला

टेबलावर दोन माहितीपत्रकं पडली होती आणि विबके वकिलासारखी बाजू मांडत होती. ओबरफेल्स आणि लेर्खबाख, एकाच डोंगराच्या दोन अंगांची दोन गावं. यंदाच्या हिवाळी सुट्टीसाठी तिच्या बाबांनी, हेनिंगनी, लेर्खबाखचा हट्ट धरला होता. तिथले उतार रुंद, बर्फ भरवशाचा, वर नेणाऱ्या पाळण्यांत म्हणे बसायची जागासुद्धा गरम.

"बाबा, आपण स्की करायला जातोय की बूड शेकायला?"

बाबा हसले नाहीत. एरवी हसले असते.

गेली नऊ वर्षं विबके आणि तिचे आईबाबा ओबरफेल्सला नोटबुर्गाबाईंच्या पाहुणघरातच उतरायचे. त्या गावात सलग दहा वर्षं येणाऱ्या पाहुण्याला पितळेचा बिल्ला मिळतो, वर त्याचं नाव कोरलेलं. विबकेच्या आईला, अल्मुटला, त्या बिल्ल्याचं भलतंच वेड. जूनमध्येच फोन करून तिने दहाव्या वर्षाची खोली सांगून ठेवली होती. सप्टेंबरमध्ये ती वारली. बाबांनी ओबरफेल्सला दोन ओळी पाठवल्या, यंदा जमत नाही. कारण लिहिलंच नाही.

"नऊ झालीत तिची," विबके म्हणाली. "एकच राहिलंय."

"ते आता होणार नाहीये, बाळा." बाबा पत्रकाची घडी घालत, उलगडत राहिले. "नोटबुर्गाबाई दारातच विचारतील, अल्मुट कुठाय? मला नाही सांगता येणार. लेर्खबाखमध्ये कोणी विचारणार नाही."

वकीलबाईंनी ओबरफेल्सचं पत्रक बाजूला सारलं.

लेर्खबाखला सगळं खरंच झकास होतं, आणि त्याचाच विबकेला राग येत होता. तिसऱ्या दिवशी दोघं माथ्यावर पोचले. तिथे पाटी: डावीकडे लेर्खबाख, उजवीकडे ओबरफेल्स. विबके उजवीकडे वळली. बाबांनी अडवलं नाही. बाकावर बसतो म्हणाले, आणि शेवटचा पाळणा चारला आहे, तेवढं लक्षात ठेव.

उतरता उतरता तिने वाक्यं जुळवली. नोटबुर्गाबाईंनी दार उघडलं, "म्हणजे आलात तर!" म्हणत तिला कवटाळलं आणि तिच्या खांद्यावरून अंगणात पाहिलं.

"आणि आई? नेहमीसारखी सगळ्यांत मागे?"

जुळवलेलं एकही वाक्य कामी आलं नाही. पण विबकेने सांगितलं.

बाईंनी अॅप्रनला हात पुसले. मग त्यांनी कपाटातून बिल्ल्यांच्या तीन डब्या काढल्या आणि दोन परत आत ठेवल्या.

"तुमच्या दोघांच्या इथेच राहू देत. याल तेव्हा न्या. तिने जूनमध्ये खोली मागितली होती ना, माझ्या लेखी ती येऊन गेली."

माथ्यावर बाबा तसेच बसले होते, टोपीवर बर्फ साचलेला. विबकेने मूठ उघडली. त्यांनी नाव वाचलं, अंगठ्याने पुसलं, पुन्हा वाचलं.

"तू सांगितलंस?"

"हो."

बिल्ला त्यांनी आतल्या खिशात ठेवला आणि लेर्खबाखचा उतार धरला. पहिल्याच वळणावर ते थांबले, मागे वळून बघू लागले. अल्मुट कायम शेवटी, धडपडत यायची. नऊ वर्षांची सवय ती. विबके एरवी वाऱ्यासारखी पुढे सुटली असती. आज ती मुद्दाम मागे राहिली. प्रत्येक वळणावर बाबा थांबायचे, मागे बघायचे, आणि वरून हळूहळू विबके यायची.